४३ इंची टीव्ही घ्यायचाय, दोनांतला कुठला घेऊ? (ठाणे, हॉल १० बाय १५)

चाफ्याचं_झाड

नमस्कार मंडळी. आठवडाभर दोन टीव्हींमध्ये अडकलेय, कृपया मदत करा.

घर कोलशेत रोडला, हॉल १० बाय १५. जुना ३२ इंची बारा वर्षं चालला. गेल्या रविवारी संध्याकाळी आवाज येत राहिला आणि चित्र गेलं. बजेट २८ हजार, फार तर ३०.

घरात टीव्ही सगळ्यात जास्त बघतात त्या सासूबाई, वय ७४. दुपारी आदल्या दिवसाच्या मालिका, संध्याकाळी सात ते दहा मालिका, मधे बातम्या. आम्ही दोघं रात्री उशिरा तासभर काहीतरी बघतो, मुलगा क्रिकेट. सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजव्याचं व्हायचंय. म्हणूनच यावेळी विचार करून घ्यायचाय.

'अ': ४३ इंची फोरके, क्यूएलईडी, गूगल टीव्ही, २ जीबी रॅम, १६ जीबी स्टोरेज, ३० वॅट आवाज. फक्त ऑनलाइन मिळतो, २२,९९९.

'ब': ४३ इंची फोरके, साधा एलईडी, जुन्या मोठ्या कंपनीचा, कंपनीची स्वतःची सिस्टिम, २० वॅट आवाज. गोखले रोडच्या दुकानात २७,५०० सांगितले.

कागदावर 'अ' सगळीकडे पुढे आहे आणि साडेचार हजारांनी स्वस्तही. तरी मन होत नाहीये. नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कंपन्यांवरूनच चर्चा होईल.

दूधवाला_चहा

'अ' घ्या. साडेचार हजार वाचतात आणि मिळतंय जास्त. क्यूएलईडी म्हणजे मागे निळे एलईडी आणि त्यांच्यापुढे क्वांटम डॉटची फिल्म असते, त्यामुळे लाल आणि हिरवा रंग साध्या एलईडीपेक्षा शुद्ध येतो. (ओएलईडीशी याचा काही संबंध नाही, नावात गल्लत करू नका. हासुद्धा एलसीडीच.) १६ जीबी स्टोरेज महत्त्वाचं. ८ जीबीवाल्यात चार अॅप टाकली की जागा संपते. गूगल टीव्हीवर सगळी अॅप मिळतात. माझ्या मते विचार करण्यासारखं फार काही नाही.

नौपाडेकर

ताई, आधी एक विचारतो. सासूबाई बसतात कुठे? टीव्हीच्या अगदी समोर की बाजूला?

चाफ्याचं_झाड

काका, समोर सोफा आहे पण त्या सोफ्यावर बसत नाहीत, गुडघ्यांमुळे उठता येत नाही. खिडकीजवळ दिवाण आहे, त्यावर लोडाला टेकून. तुमचा प्रश्न वाचून आत्ता टेप घेऊन मोजलं. टीव्हीच्या मध्यापासून सोफा सरळ ८ फूट. दिवाणावरची त्यांची जागा टीव्हीच्या भिंतीपासून ५ फूट पुढे आणि मध्यापासून ६ फूट बाजूला.

नौपाडेकर

म्हणजे मधल्या रेषेपासून जवळपास ५० अंश. तर मग ऐका, हे मी स्वतः भोगून सांगतोय.

तीन वर्षांपूर्वी मी असाच कागद वाचून टीव्ही घेतला. समोरून चित्र सुंदर, अजूनही आहे. माझी थोरली बहीण आमच्याकडे असते. तिची आरामखुर्ची कोपऱ्यात, पंख्याखाली. आठ महिने ती त्या खुर्चीतून टीव्ही बघत होती आणि एका शब्दाने बोलली नाही. एकदा तिला बरं नव्हतं म्हणून ती आत झोपली होती आणि मी सहज तिच्या खुर्चीत बसलो. बातम्या देणाऱ्या मुलीचा चेहरा पांढराफटक, मागचा काळा पडदा राखाडी, खालची पट्टी धुरकट. मी उठून सोफ्यावर गेलो तर सगळं ठीक. परत खुर्चीत, परत धुरकट. मी बहिणीला विचारलं, अगं तुला असं दिसतं रोज? ती म्हणाली, "मला वाटलं माझे डोळे गेले."

तेव्हापासून मला कोणी टीव्हीबद्दल विचारलं की मी आधी हेच विचारतो, बसणार कुठे.

याचं कारण पॅनेलचा, म्हणजे पडद्याचा, प्रकार. बजेट टीव्हीत दोन जाती येतात, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये काळा रंग जास्त काळा, कॉन्ट्रास्ट (सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागातला फरक) ३०००:१ च्या वर जातो, पण बाजूने बघितलं की रंग विटतात. आयपीएसमध्ये कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास, अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी वाटतो, पण बाजूने चित्र बऱ्यापैकी तसंच राहतं. दिवसाउजेडी किंवा ट्यूब लावून बघणाऱ्याला तो राखाडीपणा जाणवतही नाही.

तुमच्या 'अ' आणि 'ब' मध्ये कुठलं पॅनेल आहे ते शोधा. खोक्यावर बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. डोळ्यांनी बघावं लागतं.

दूधवाला_चहा

काका, मुद्दा मान्य, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. ताई आणि त्यांचे मिस्टर रात्री दिवे घालवून सिनेमा बघत असतील तर आयपीएसवर रात्रीचे प्रसंग फार वाईट दिसतात. सगळं धुक्यात चालल्यासारखं. तिप्पट कॉन्ट्रास्ट ही छोटी गोष्ट नाही. आणि एचडीआरचा (उजळ आणि गडद भाग जास्त ठळक दाखवायचं तंत्र) छाप दोन्हींवर असेल, त्याच्याकडे मात्र दुर्लक्ष करा. या किमतीच्या टीव्हीचा उजेड साधारण २५० ते ३५० निट्स असतो. एचडीआरचा खरा परिणाम दिसायला याच्या दुपटीहून जास्त लागतो.

नौपाडेकर

बरोबर आहे तुमचं. त्यांचा हॉल, त्यांचा हिशेब. पण दिवसातले सहा तास कोण बघतं आणि एक तास कोण, तेही मोजा.

खाडीपलीकडे

ऐरोलीहून. ताई, ८ फुटांवर ४३ इंच लहान पडेल, जमलं तर ५५ घ्या. कर्ण १४० सेंमी, बसायचं अंतर कर्णाच्या दीडपट ते पावणेदोनपट असलं की बरं वाटतं, म्हणजे ७ ते ८ फूट. ४३ इंचीचा कर्ण १०९ सेंमी, त्याला साडेपाच-सहा फूट पुरतात.

आणि ४३ इंचीत फोरके आहे म्हणून पैसे मोजत असाल तर थांबा. शाबूत नजर साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा तपशील ओळखते. ८ फुटांवर तो ०.७ मिमी होतो. ४३ इंची फुल एचडीचा एक ठिपका अर्धा मिमी, म्हणजे तोसुद्धा त्या अंतरावरून वेगळा दिसत नाही. फोरकेचा तर त्याच्याही निम्मा. सोफ्यावरून फरक कळणार नाही.

चाफ्याचं_झाड

५५ चा विचार केला होता. कॅबिनेट ९० सेंमीचं आहे आणि ५५ इंची १२० सेंमीच्या वर जातो. भिंतीवर लावायचं तर भिंत सायपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांची), मागे फोटोंची फ्रेमसुद्धा खिळ्यासकट खाली आली होती. शिवाय बजेट. ४३ वरच राहते.

सेक्टर_आठ_नेरूळ

बाकी जाणकार सांगतीलच, मी फक्त माझ्या आईच्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगते.

एक, वाहिन्या. नवा फोरके टीव्ही आणला आणि पहिल्या संध्याकाळी आई म्हणाली, जुन्यावर छान दिसायचं. खरंच तसं होतं! आमचं पॅकेज एसडी (एचडीपेक्षा कमी ठिपक्यांच्या) वाहिन्यांचं होतं. एसडीचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्याही आत ठिपके. फोरके पडद्याला ८३ लाख ठिपके भरायचे असतात. एका ठिपक्याचे वीस करून टीव्ही भरतो, मग चेहरे मेणाचे दिसणारच. ३२ इंची एचडी रेडी पडद्यावर तेच चित्र कमी ताणलं जायचं म्हणून बरं वाटायचं. स्टार प्रवाह आणि झी मराठीच्या एचडी वाहिन्या घेतल्या, सेट टॉप बॉक्स एचडीचा करून घेतला, तेव्हा कुठे आईचं समाधान झालं. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट १०८० वर केलंय का तेही बघा. आमच्याकडे पिवळी-लाल-पांढरी वायर तशीच लावून ठेवली होती, म्हणजे एचडीचे पैसे भरूनही एसडीच येत होतं.

दोन, आवाज. ३० वॅट आणि २० वॅट याला फार महत्त्व देऊ नका. वयस्कर माणसांना मोठा आवाज नको असतो, शब्द कळायला हवे असतात. पार्श्वसंगीतात संवाद बुडतात. बहुतेक टीव्हीत आवाज स्पष्ट करणारा मोड असतो, तो लावून बघा. स्पीकर खाली तोंड करून असतात, त्यामुळे कॅबिनेटवर टीव्ही अगदी मागे सरकवला की आवाज कोंडतो. पुढे कडेला आणा.

चाफ्याचं_झाड

ताई, वायरीचं वाचून उठून बघितलं. आमच्याकडे पण तीन रंगांचीच वायर आहे. बॉक्स मात्र एचडीचा निघाला. किती वर्षं आम्ही असंच बघत होतो कोण जाणे.

सोल्डर_कळवा

मी कळव्यात टीव्ही दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. पिक्चर ट्यूबपासून सुरुवात केली. थोडं लांब लिहितो.

पहिलं तुमच्या जुन्या टीव्हीबद्दल. आवाज आहे आणि चित्र नाही, तर फेकू नका. रात्री दिवे घालवा, टीव्ही चालू करा आणि मोबाइलची टॉर्च पडद्याला अगदी जवळ, तिरकी धरा. फिकट फिकट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, फक्त मागच्या एलईडी पट्ट्या किंवा त्यांना वीज देणारा भाग गेलाय. ३२ इंचीत हे काम होतं आणि परवडतं. काहीच दिसलं नाही तर मग बोर्ड किंवा पॅनेल, ते बघून सांगावं लागेल.

नव्याबद्दल. माझ्या टेबलावर जे टीव्ही येतात त्यात सगळ्यात जास्त दोन तक्रारी. एक बॅकलाइट. दुसरी, पडद्यावर उभी रेघ किंवा अर्धा पडदा काळा. बॅकलाइट मी बदलतो. उभी रेघ आली तर पॅनेलच्या काठाला चिकटवलेल्या पातळ पट्टीचा जोड सुटलेला असतो, आणि बहुतेक वेळा पॅनेल बदलायचं म्हणजे नव्या टीव्हीच्या किमतीजवळ जातं. गिऱ्हाइकाला हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं. म्हणून घेतानाच विचारा, वॉरंटी पॅनेलवर किती वर्षं, आणि ती बिलावर लिहून घ्या. वाढीव वॉरंटी विकत घेत असाल तर त्यात पॅनेल धरलंय का ते कागदावर वाचा. तोंडी कोणी काही सांगितलं तर ते धरू नका.

बॅकलाइट लवकर का जातात? कारण घरी टीव्ही येतो तो भडक मोडवर आणि बॅकलाइट १०० वर. कोणी खाली आणत नाही. एलईडी तापतात, रोज सहा-आठ तास. ६० ते ७० वर आणा, डोळ्यांनाही बरं आणि पट्ट्याही टिकतात.

स्टॅबिलायझर घेऊ नका. टीव्हीच्या मागे छापलेलं वाचा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या चढउतारात आतला सप्लाय स्वतः सांभाळून घेतो. स्पाइक रोखणारा चांगला बोर्ड मात्र घ्या. आणि डिश असेल तर पावसाळ्यात एक गोष्ट करा. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात, ऑक्टोबरमध्ये, कडकडाट सुरू झाला की डिशची वायर बॉक्समधून काढा. गच्चीवरून झटका त्या वायरीने बॉक्समध्ये येतो, तिथून एचडीएमआयने टीव्हीत. दर पावसाळ्यात माझ्याकडे असे टीव्ही येतात, पोर्ट जळलेले. माणसं प्लग काढतात पण डिशची वायर विसरतात.

आता नौपाडेकर काका म्हणाले त्यात एक भर. एकाच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळ्या लॉटला वेगवेगळं पॅनेल घालते. एकाच नंबरचे दोन टीव्ही मी उघडलेत आणि आत दोन वेगळ्या कारखान्यांची पॅनेलं निघालीत. त्यामुळे दुकानात बघितलेला आणि घरी आलेला सारखाच असेल असं धरून चालू नका. घरी आल्यावर पुन्हा बाजूला उभं राहून बघा, बदलून मिळायची मुदत संपायच्या आत.

दूधवाला_चहा

दादा, ही माहिती सोन्यासारखी आहे. मी आजच बॅकलाइट खाली आणला.

नावांबद्दल थोडं, कारण 'अ' ऑनलाइनचा आहे. पाटी जुनी म्हणजे कंपनी जुनी असं नसतं. थॉमसन आणि कोडॅकचे टीव्ही भारतात परवाना घेऊन सुपर प्लॅस्ट्रॉनिक्स ही कंपनी बनवते. एसरचे टीव्ही इंडकल टेक्नॉलॉजीज. तोशिबाचा टीव्हीचा धंदा २०१८ पासून हायसेन्सकडे आहे. यात वाईट काही नाही, फक्त दुरुस्तीला माणूस कोण पाठवणार हे पाटीवरून कळत नाही, ते बघून घ्या.

खाडीपलीकडे

सेवेच्या बाबतीत माझा अनुभव सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. माझ्या टीव्हीला पाचव्या महिन्यात आवाज गेला. फोनवर सांगितलं, ४८ तासांत माणूस येईल. एकोणीस दिवस. दर वेळी नवा तक्रार क्रमांक. शेवटी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली, आणि चौथ्या दिवशी बोर्ड बदलून गेले. मराठीत बोलता आलं. बिल आणि सिरियल नंबर हाताशी ठेवा एवढंच.

घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड घालून सेवा केंद्र कुठे दाखवतंय ते बघा. आणि दुकानदाराने जुना भाव सांगितला नाही ना तेही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. कर सोडून २० हजारांच्या टीव्हीला पूर्वी २५,६०० पडायचे, आता २३,६००. बिलावर १८ आहे का बघून घ्या.

चाफ्याचं_झाड

सगळ्यांचे खूप आभार. या शनिवार-रविवारी जे केलं ते सांगते.

'अ' दुकानात बघायला मिळत नाही, म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, कोणाकडे हा आहे का. बी विंगमधल्या एका कुटुंबाकडे निघाला, अगदी हाच. त्यांनी मोठ्या मनाने बोलावलं, चहासुद्धा केला. मी, नवरा आणि आई (सासूबाई) तिघंही गेलो. समोरून खरंच देखणं चित्र. आमच्या मुलाला तर तोच हवा होता. मग मी टाइल मोजल्या. दोन फुटी टाइल आहेत, भिंतीपासून अडीच टाइल पुढे, मध्यापासून तीन टाइल बाजूला. तिथे खुर्ची ठेवून आईंना बसवलं. मालिका चालू होती, नायिकेने गडद हिरवी साडी नेसलेली. आई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हिने तोंडाला पीठ लावलंय का गं?" मी त्यांच्या मागे वाकून बघितलं. साडी शेवाळी झालेली आणि चेहरा सपाट पांढरा. नौपाडेकर काका, तुमच्या बहिणीची गोष्ट डोळ्यांसमोर आली.

त्याआधी घोडबंदरला एका मोठ्या शोरूममध्येही गेलो होतो. तिथे काही कळलं नाही. सगळ्या टीव्हींवर तीच फुलं, तेच पोपट, उजेड पूर्ण वर. मालिका लावून दाखवा म्हटलं तर केबलची जोडणीच नव्हती.

रविवारी गोखले रोडच्या दुकानात गेलो. मालक वयाने मोठे, त्यांनी स्वतः होम मोड लावला, सेट टॉप बॉक्स जोडला, एचडी वाहिनी लावली. तिथेही टाइल मोजल्या आणि आईंना प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं. चेहरा चेहराच राहिला. रंग 'अ'पेक्षा जरा फिके, पण बाजूने तसेच. दुकानातले दिवे मालवून बघितलं तेव्हा काळा भाग राखाडी दिसला, दूधवाला_चहा म्हणाले तसंच. ते खरं आहे.

आता मन 'ब'कडे झुकलंय. फक्त त्याची सिस्टिम जरा हळू वाटली आणि नवऱ्याला गूगल टीव्हीच हवाय.

दूधवाला_चहा

ताई, मी माझं मत बदलतो. 'ब' घ्या. मी तुमच्या दिवाणावर बसून विचार केला नव्हता. सिस्टिम हळू वाटली तर पुढेमागे तीन-चार हजारांची स्टिक एचडीएमआयला लावता येते, सगळी अॅप येतात आणि टीव्ही नव्यासारखा चालतो. पॅनेल मात्र नंतर बदलता येत नाही.

सेक्टर_आठ_नेरूळ

रिमोट बघितला का दुकानात? हल्ली बऱ्याच रिमोटवर आकडेच नसतात. आईंना वाहिनीचे नंबर पाठ असतील ना? आमच्या आईला आहेत. सेट टॉप बॉक्सचाच रिमोट त्यांच्या हाती राहू द्या. एचडीएमआय सीईसी (टीव्ही आणि बॉक्स एकाच वायरीतून एकमेकांना चालू-बंद करतात ती सोय) चालू केलं की बहुतेक ठिकाणी टीव्ही चालू होताना बॉक्सचं चित्र आपोआप समोर येतं. नाहीतर दिवसातून चार वेळा "हे काय आलंय मधेच" अशी हाक येते.

चाफ्याचं_झाड

हे फार उपयोगी. हो, त्यांना नंबर पाठ आहेत, आणि फोनच्या डायरीत लिहूनही ठेवलेत.

भिंतीबद्दल विचारायचं राहिलं. हात असलेला फिरता स्टँड मिळतो, तो लावून टीव्ही दिवाणाकडे वळवता येईल का? मग कदाचित 'अ'सुद्धा चालला असता, असं नवरा म्हणतोय.

सोल्डर_कळवा

ताई, सायपोरेक्सवर फिरता हात अजिबात नको. टीव्ही ८-९ किलोचा असला तरी हात दीड फूट बाहेर काढला की वरच्या स्क्रूवर ओढ कितीतरी वाढते, आणि सायपोरेक्स आतून भुसभुशीत असतं. साधा प्लग फिरतो आणि पिठासारखी माती बाहेर येते. मी पडलेले टीव्ही बघितलेत. भिंतीला चिकटून बसणारा साधा ब्रॅकेट असेल तर सायपोरेक्ससाठीचे वेगळे लांब फास्टनर मिळतात, ते वापरून चालतं. मायवानची (साच्यात ओतलेली) काँक्रीटची भिंत असती तर गोष्ट वेगळी.

तुम्हाला कॅबिनेट आहे ना, मग पायांवरच ठेवा. पायांमधलं अंतर मोजून घ्या आणि टीव्ही दिवाणाकडे थोडा वळवून ठेवा. दहा-पंधरा अंशांनीही त्यांना फरक पडेल, आणि सोफ्यावरच्या माणसाला फारसं कळणार नाही.

नौपाडेकर

आणि एक, ताई. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला रंग निळसर आणि उजळ दिसतात. पिवळी पडलेली जुनी भिंग निघून गेलेली असते ना. माझ्या ऑपरेशननंतर मला घरातली पांढरी भिंत निळी वाटायची. टीव्हीच्या रंगाच्या सेटिंगमध्ये 'वॉर्म' करा. आईंना एका डोळ्याने निळसर आणि दुसऱ्याने पिवळट दिसत असणार सध्या, त्या बोलणार नाहीत. तुम्ही विचारा.

चाफ्याचं_झाड

काका, विचारलं. म्हणाल्या, "हो, डाव्या डोळ्याने बघितलं की दूध निळं दिसतं. म्हटलं, पाणी घातलं असेल." चार महिने झाले ऑपरेशनला. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

नौपाडेकर

आता माहीत झालं ना, बस.

चाफ्याचं_झाड

घेतला. 'ब'. मालकांनी २६,८०० केले, बिलावर जीएसटी १८ आणि पॅनेलची वॉरंटी दोन्ही लिहून दिलं. खोकं उभंच आणलं, आडवं होऊ दिलं नाही. कॅबिनेट ९०, पायांमधलं अंतर ७८, त्यामुळे वळवायलाही जागा राहिली. खाली रबरी चकत्या लावल्या.

घरी आल्यावर आधी त्याच जागी खुर्ची ठेवून बघितलं. दुकानातल्यासारखंच आहे, दादा. मग बॅकलाइट ६५, रंग वॉर्म, होम मोड. तीन रंगांची वायर काढून टाकली, एचडीएमआय लावली, बॉक्सचं आउटपुट बदललं, मराठी एचडी वाहिन्या घेतल्या. आवाज स्पष्ट करणारा मोड लावल्यावर आईंनी आवाज स्वतःहून २२ वरून १५ वर आणला. शेजारच्या घरातून येणारे टोमणे त्यामुळे बंद होतील असं त्या म्हणाल्या.

खिडकीचं प्रतिबिंब दुपारी येतं, त्याला जाडसर पडदा शिवायला टाकलाय. रात्रीचा सिनेमा बघताना काळा भाग राखाडी दिसतो, ते चालवून घेतोय. मागे एक छोटा दिवा लावला तर कमी जाणवतं.

संध्याकाळी सातला मालिका सुरू झाली आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. पाऊण तासाने मला हाक मारली. मला वाटलं काहीतरी बिघडलं. तर म्हणाल्या, "अगं, हिच्या पैठणीच्या काठावर मोर आहेत. इतके दिवस मला ती नुसती जर वाटत होती."

सेक्टर_आठ_नेरूळ

वाचून डोळ्यांत पाणी आलं. आईंना माझा नमस्कार सांगा.

दूधवाला_चहा

अभिनंदन ताई. मुलगा नाराज नाही ना?

चाफ्याचं_झाड

पहिल्या दिवशी होता. काल सामना दिवाणावर आजीच्या शेजारी बसूनच बघितला.

दादा, जुन्या टीव्हीची टॉर्च लावून परीक्षा घेतली. फिकट चित्र दिसतंय, अगदी हलतानाही दिसलं. दुरुस्त झाला तर आईंच्या खोलीत ठेवायचाय, उजव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना आत आराम करायचाय तेव्हासाठी. शनिवारी कळव्याला आणू का? दुपारी दुकान उघडं असतं?

सोल्डर_कळवा

शनिवारी दोनपर्यंत आहे. चित्र दिसतंय म्हणजे पट्ट्यांचंच काम असणार, पण उघडल्याशिवाय पैसे सांगणार नाही. रिमोट आणा. पडद्यावर चादर गुंडाळा आणि रिक्षात उभा धरा.